चुलीवरून गेलेला रस्ता

ती रेघ तुम्ही ओढलीत. नगररचना ऑफिसच्या गार खोलीत बसून, पट्टी लावून, बोळिंजच्या नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढलीत, खाली शिक्का मारलात आणि जेवायला गेलात. तिच्याखाली कुणाची विहीर येते, कुणाची चूल येते, हे बघायला तुमच्यातला एक माणूस कधी चिखलात उतरला नाही. आणि ती रेघ खरी मानून एक बाई मस्कतहून दोन पोरं घेऊन इथे राहायला आली. तिचं नाव हेमांगी. तिचं पुढे काय झालं ते ऐका. ऐकायचाच पगार मिळतो तुम्हाला.

लग्न झाल्यापासून हेमांगी मस्कतलाच होती. नवरा कौस्तुभ तिथे एका कंपनीत एसीची कामं बघायचा. मुलगी रिद्धी आठवीत, मुलगा प्रणव तिसरीत. एका सकाळी शाळेच्या बसमध्ये प्रणवला मागच्या सीटवर झोप लागली. बसवाल्याने पोरं उतरवली, मागे वळून पाहिलं नाही, दार लावलं, बस उन्हात उभी केली आणि निघून गेला. कुणाला तरी काचेवर हाताचा पंजा दिसला म्हणून पोरगं वाचलं.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर प्रणव ठीक होता. जेवत होता, अभ्यास करत होता. फक्त विचारल्याशिवाय बोलत नव्हता आणि दार बंद होणाऱ्या गाडीत तो पुन्हा बसला नाही. लिफ्टमध्येसुद्धा नाही. विमानात त्याला औषध देऊन झोपवून आणावं लागलं.

आणि हेमांगी? ती त्या दिवशी रडली नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर-बीर काही नव्हता. दाताचं इंजेक्शन घेतल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तशी ती सगळीच स्वतःला आपली वाटत नव्हती. भाजीत मीठ किती पडलं, हे रिद्धीला विचारायला लागायचं.

हेमांगीने पोरांना घेऊन परत यायचं आणि कौस्तुभने नोकरीसाठी तिकडेच राहायचं, असं ठरलं. सुट्टी काढून तो घर बघायला मात्र आला. नणंद उन्नती वसईची. ती म्हणाली, "वहिनी, वसईलाच घ्या. स्टेशन जवळ, क्लासेस जवळ." कामणला एका मित्राने स्वस्तात ऐसपैस घर दाखवलं, खिडकीसमोर गोदामं आणि कंटेनरांची रांग. हेमांगी सगळीकडे एकच विचारायची, "शाळा चालत किती लांब?"

एजंट हसायचे. "मॅडम, चालायचं कशाला? व्हॅन येते ना गेटपर्यंत!"

बोळिंजला मयूर नावाचा एजंट भेटला. तो हसला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची गॅलरी उघडून त्याने हात पुढे केला. समोर शाळा. मैदान, झेंड्याचा खांब, ओळीत उभी पोरं. प्रार्थनेचा आवाज थेट कानावर. मधे फक्त हिरवीगार वाडी.

"डीपी रोड मंजूर आहे मॅडम, सरकारी विकास आराखड्यातला. गेटमधून निघायचं, सरळ शाळेत. पाच मिनटं. पावसाळ्याआधी काम चालू."

त्याने मोबाईलवर नकाशा दाखवला. रस्ता होता. रुंद, सरळ, शिक्क्यासकट. हेमांगीने वाडीकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवून तो फ्लॅट घेतला. मस्कतला नकाशात रस्ता दिसला की जमिनीवर तो असायचा, नाहीतर थोड्या दिवसांत यायचा. इतकी वर्षं बाहेर काढलेल्या माणसाचीच ही चूक. इथल्या एखाद्या शेंबड्या पोरानेही केली नसती.

जूनमध्ये शाळा उघडली. सोसायटीच्या मागच्या गेटसमोर वाडीची भिंत होती.

शाळेला जायचं तर मेन रोडने मोठा वळसा. फुटपाथ नाही. जिथे आहे तिथे गाड्या लावलेल्या. पाण्याचे टँकर असे धावतात की जणू आग विझवायला निघालेत. पहिल्या दिवशी व्हॅन आली. प्रणव दारापर्यंत गेला, आतल्या सीटकडे पाहिलं आणि उभ्या उभ्या चड्डी ओली केली. व्हॅनमधली पोरं हसली. मग तिघं चालत जायला लागली. दुसऱ्या आठवड्यात एक टँकर रिद्धीच्या दप्तराला घासून गेला. पट्टा तुटला, पोरगी वाचली. हेमांगीने तो पट्टा शिवला. शिवताना सुई बोटात गेली, तेही रक्त दिसल्यावर कळलं.

मयूरला फोन केला. "मॅडम, वाडीवाली म्हातारी अडून बसलीय. तिला समजवा तुम्ही."

म्हणून ती वळसा घालून वाडीच्या शाळेकडच्या, पुढच्या दाराशी गेली. म्हातारी म्हणजे जयवंतीकाकू. अंगणात बसून खायच्या पानांच्या जुड्या बांधत होत्या. मुलगा रमेश पंपाशी झटापट करत होता.

"टॉवरमधून आलात?" काकूंनी मान वर न करताच विचारलं. "रस्ता पाहिजे असेल."

"हो."

"या, दाखवते तुमचा रस्ता." काकू उठल्या. "ही विहीर. ही तुमची डावी बाजू. ही केळी, हा फुटपाथ. आणि आत माझी चूल आहे ना, ती डिव्हायडरवर. उद्या भाकरी थापताना दोन्हीकडून हॉर्न वाजतील बघा!"

रमेश हसला. हेमांगीला हसू आलं नाही. काकूंचं तिच्याकडे लक्ष गेलं.

"बाय, मी अडून बसलेले नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या दोन पावसाळ्यांनंतर ही रेघ आली. तेव्हापासून ना ते जमीन घेतात, ना सोडतात. घराला खोली काढू देत नाहीत. विचारायला गेलं की साहेब बदललेला असतो. माझे मालक विचारता विचारता गेले. तुला कशाला पाहिजे रस्ता? गाडी काढायची?"

"मुलगा गाडीत बसत नाही," हेमांगी म्हणाली आणि बसची गोष्ट सांगितली. पोस्टाचा पत्ता सांगावा तशी सांगितली.

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. "रमेश, मागच्या भिंतीला बापाच्या वेळचं दार आहे ना? ते वेल काढ तिथले."

"आई, अगं..."

"दोन पोरं जातील-येतील. त्यात तुझं काय झिजतं? आणि तू ऐक बाय, विहिरीकडे फिरकायचं नाही, एवढं सांग त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून पोरं वाडीतून जायला लागली. केळीखालून, पानवेलीच्या मांडवाला लागून, भिजल्या पायवाटेने. गॅलरीतून हेमांगीला दोन दप्तरं पानांत शिरताना दिसायची आणि थोड्या वेळाने मैदानात उगवायची. एकदा प्रणव घरी आला तर गाल फुगलेला. काकूंनी सुकेळी दिली होती, उन्हात वाळवलेली केळी. "आई, ही दिसते घाण पण लागते भारी," असं तो म्हणाला. बसच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो कुणी न विचारता एक वाक्य बोलला होता. उरलेला तुकडा त्याने आईच्या तोंडात घातला. गोड लागला. खरंच लागला. ती सिंकपाशी जाऊन उगाचच भांडी घासत राहिली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तुमची माणसं आली. त्याच त्या वाडीत, जिथे ती आजवर कधी आली नव्हती. दोघंजण, गळ्यात ओळखपत्रं. पोरं शाळेतून परत येत होती. एकाने मोबाईल काढला.

"अरे वा, शाळेतून आले का? रोज इथूनच जाता? शाब्बास. उभे राहा. स्माईल!"

प्रणव हसला. अनोळखी माणसासमोर हसला. रिद्धीने हे घरी कौतुकाने सांगितलं.

थोड्याच दिवसांत रमेश जिना चढून वर आला. चप्पल दाराबाहेर काढून उभाच राहिला. "वहिनी, नोटीस आलीय. ही जागा पब्लिक रस्ता म्हणून आधीपासून वापरात आहे, म्हणतात. वापरात असलेल्या रस्त्याला मोबदला कसला? सोबत फोटो जोडलाय." त्याने मोबाईल पुढे केला. गणवेशातला प्रणव, गालावर खळी, मागे केळी.

"वकील म्हणतो, दार आजच बंद करा. पोरं रोज जात राहिली तर घरही जाईल. आई येणार होती सांगायला. तिच्याने येववलं नाही."

"बरोबर आहे," हेमांगी म्हणाली. "पाणी घेता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप होतं. प्रणव गणवेशात समोर उभा राहिला. पलीकडे पानं वाजली.

"काकू?" त्याने विचारलं.

फटीतून सुकेळीची पुडी बाहेर आली. "घे रे पोरा." काकू म्हणाल्या. "माझ्या हातात नाही रे."

"मी हसलो म्हणून का?"

हेमांगीने त्याचा हात धरून त्याला घरी आणलं. रिद्धी वळशाने एकटी गेली, तो मात्र त्या दिवशी शाळेत गेला नाही. त्यानंतर आजपर्यंत गेलेला नाही. जेवतो, अभ्यास करतो, ठीक आहे. बोलत नाही.

कौस्तुभ फोनवर म्हणाला, "आपण एरिया चुकलो. दुसरीकडे घर बघूया."

"कुठे?" हेमांगीने विचारलं. "कुठल्या नकाशात बघून?"

आणि ती तुमच्या ऑफिसात आली. या टेबलावरून त्या टेबलावर गेली, शेवटी तुमच्यासमोर बसली. रस्ता कधी होणार, एवढंच विचारलं. तुम्ही कॉम्प्युटरवर बघितलंत आणि तुमचा चेहरा खुलला.

"मॅडम, हा रस्ता तर झालाय! रेकॉर्डला 'वापरात' लागलाय. काम करायची गरजच नाही. हा बघा फोटो. विद्यार्थी जातायत."

तुम्ही स्क्रीन तिच्याकडे वळवलीत. पोरगं हसत होतं. हेमांगी त्या हसण्याकडे बघत राहिली. मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, ताई, आटपा. ती उठली नाही. तिचा आवाज चढला नाही. मस्कतपासून तो चढलेलाच नाही.

"हा माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "तुमच्या रस्त्यावरून रोज शाळेत जाणारा हाच. तो घरी बसलाय. उद्या सकाळी शाळेची घंटा होईल. तुमचा रस्ता झालाय ना? मग दाखवा. उद्या याने पहिलं पाऊल कुठे टाकायचं? उत्तर द्या, मी बसलेय."