वाकडं धुराडं

घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हौशी मंडळी आपापली मॉडेलं मांडत. बोटभर विमानं, तळहातावर मावणारी इंजिनं, काड्यापेटीएवढी घरं. दारावरची पाटी घड्याळजींनी स्वतः रंगवली होती: ‘जसं जमलं तसं आणा.’ कुणी भीत भीत पहिलंवहिलं काम आणलं की ते दोन्ही हातांनी घेत आणि बजावत, इथे कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत.

दवाखान्यातली सिस्टर त्या पाटीवर विसंबूनच आली. शनिवारी संध्याकाळी तिने बुटांच्या खोक्यातून एक फेरीबोट आणून दिली. जाड पुठ्ठ्याची, रंगाचे ओघळ आलेली, धुराडं एका अंगाला कललेलं. घड्याळजींनी तोंडभर कौतुक केलं. पण सगळा जन्म केसाएवढ्या काट्यांशी गेलेला. ते धुराडं त्यांच्या डोळ्यांत सलत राहिलं. रविवारी सकाळी, कुणी यायच्या आत, त्यांनी बारीक पात्याने ते अलगद सोडवलं, काटकोनाचा गुण्या लावला आणि सरळ चिकटवलं. बिचारीला कुणी हसायला नको, अशी मनाची समजूत घातली. खरी धास्ती वेगळीच होती. आपल्या टेबलावर असलं काम दिसलं तर लोक आपल्याला काय म्हणतील?

सिस्टर आली ती एक जुना फोटो घेऊन, बोटीशेजारी ठेवायला. फोटोत तीच बोट, सुकाणूपाशी तिचे वडील, वर वाकडं धुराडं. एकदा पुलाला घासलं ते तसंच राहिलं, असं ती शेजारी आपलं विमान मांडत असलेल्या मास्तरांना सांगत होती. काठावरची पोरं लांबूनच ओरडायची, वाकड्या नाकाची आली म्हणून. सांगता सांगता तिची नजर टेबलावर गेली आणि ती थांबली. मग हळूच फोटो पर्समध्ये सरकवला.

“माझाच हात चुकला वाटतं,” ती म्हणाली. “तीन महिने बघून बघून केलं, आणि नेमकं बाबांचं धुराडंच चुकवलं. राहू दे काका, मी घेऊन जाते. नीट शिकले की आणेन.”

घड्याळजींचे कान तापले. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती खोक्याचं झाकण काढू लागली, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

“तुमचा हात नाही चुकला, सिस्टर. सकाळी मी सरळ केलं ते. तुम्हाला न विचारता.”

मास्तर वळून दारावरची पाटी वाचू लागले. चार शब्द वाचायला त्यांना फार वेळ लागला.

सिस्टरने फोटो परत काढून टेबलावर ठेवला.

“मग आता तुम्हीच वाकडं करा.”

त्यांनी पुन्हा सोडवलं. पण हाताला सवय सरळ लावायची. दोनदा सरळच बसलं. “अजून झुकवा,” ती फोटोवर बोट ठेवून सांगे. “अजून. हं, बास. आता हलवू नका.”

गोंद धरायला अर्धा तास तरी हवा होता. तेवढ्यात बघायला लोक येऊ लागले. घड्याळजी दोन बोटांत धुराडं धरून, मान खाली घालून उभे. काका, हे काय धरून ठेवलंय, असं जो तो विचारी, आणि प्रत्येकाला त्यांना पहिल्यापासून सांगावं लागे. सिस्टर बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होती. त्यांनी मधलं काही गाळलं, की ती शांतपणे आठवण करून देई.