दीप्तीच्या निबंधावरचा शिक्का

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या वहीत 'विषयाला धरून लिहा' हे वाक्य जांभळ्या शाईत उमटलं असेल, तर ते माझं तरी काम असेल, नाहीतर माझ्या एखाद्या भाऊबंदाचं. मी एक जुना रबरी शिक्का आहे. गडमुडशिंगीच्या एका हायस्कुलात, शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलाच्या खणात मी पडून असतो. आता माझ्या रबराला चिरा गेल्यात आणि 'ध' नीट उठत नाही. पण मी जे सांगणार आहे ते घडलं, तेव्हा माझं एकेक अक्षर ठसठशीत होतं. त्यामुळे म्हातारपणाची सबब मला सांगता येणार नाही, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला लागून असलेल्या एका बोळात झाला. केरबा नावाच्या कारागिराचं तिथं हातभर दुकान होतं. डॉक्टरांचे, सोसायट्यांचे, ग्रामपंचायतींचे शिक्के तो बनवायचा. आमच्या शाळेतल्या संयोगिता बाई त्याच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. बाई मराठी शिकवत. आठवी, नववी आणि दहावी मिळून दीडशेच्या वर निबंधाच्या वह्या त्यांच्याकडे तपासायला येत.

"आतापातूर सरपंचाचा शिक्का केला, डाक्टरचा केला," केरबा म्हणाला, "निबंधाचा पयल्यांदाच करतोय की बाई!"

"काय करू, हात दुखतोय. आणि सगळ्यांच्या वहीत लिहायचं तेच ते असतंय," बाई म्हणाल्या.

त्या वेळी आम्ही तिघं जन्मलो. एक 'छान', एक 'अक्षर सुधारा' आणि तिसरा मी. तिघांत सगळ्यात लांब वाक्य माझं, म्हणून लाकडी मूठही मलाच मोठी मिळाली. खरं सांगतो, मला त्याचा फार ताठा होता.

पुढची काही वर्षं मी अंग मोडून काम केलं. बाईंची शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. फळ्यावर निबंधाचं नाव, त्याखाली पाच मुद्दे, पहिलं वाक्य कोणतं आणि शेवटचं कोणतं तेही सांगितलेलं. मुलं मधली जागा भरत. तपासताना बाई पहिली ओळ बघत, शेवटची ओळ बघत, मधे पाचही मुद्द्यांखाली रेघा मारल्यात का बघत. एका वहीला मिनिटभरही लागत नसे. मुद्दा चुकला की मला उचलायचं, पॅडवर टेकवायचं आणि दाबायचं. दहावीचा मराठीचा निकाल शंभर टक्के लागत होता. मुख्याध्यापकांनी एकदा सगळ्यांसमोर मला हातात धरून दाखवलं आणि म्हणाले, "ह्याला म्हणायचं नियोजन!" त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की बाजूच्या 'छान'कडे बघितलंसुद्धा नाही.

बाई वाईट नव्हत्या, हे मुलांनो लक्षात ठेवा. डबा न आणलेल्या मुलीला त्या आपली भाकरी मोडून देत. त्या फक्त दमलेल्या असत, आणि माझ्यामुळे त्यांना न वाचता पुढं जाणं सोपं झालं होतं.

त्या साली पंचगंगेला मोठा पूर आला. नदीकाठच्या एका गावात कांबळ्यांचं घर छातीएवढ्या पाण्यात गेलं. पाणी उतरल्यावर घराची डागडुजी होईपर्यंत त्यांची मुलगी दीप्ती आई आणि आजीबरोबर गडमुडशिंगीत मावशीकडे राहायला आली आणि आमच्या शाळेत नववीत बसली. वर्गात ती फारशी बोलायची नाही. नेमका त्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर विषय लिहिला, 'पूरग्रस्ताचे मनोगत'. पहिलं वाक्य, 'होय, मी पूरग्रस्त बोलतोय.' शेवटचं, 'निसर्गाचा समतोल राखा.'

बेचाळीस वह्या आल्या. एक्केचाळीस वह्यांत निसर्ग कोपला होता, आभाळ फाटलं होतं आणि होत्याचं नव्हतं झालं होतं. बेचाळिसावी वही दीप्तीची. तिनं लिहिलं होतं:

'पाणी उतरल्यावर आम्ही घरी गेलो. आई जेवणाच्या ताटानं चिखल काढत होती. भिंतीवर पाण्याची रेघ होती. ती रेघ आमच्या आजोबांच्या फोटोच्या चार बोटं खाली थांबली होती. आजोबा जिवंत होते तेव्हा आंघोळ करायला फार टाळाटाळ करायचे. आई म्हणाली, मामांजी मेल्यावर बी भिजलं न्हाईत. आणि ती चिखलात बसून हसायलाच लागली. मग आजी पण हसली. छावणीत एका माणसानं बिस्किटचा पुडा देताना माझा फोटो तीनदा काढला, कारण मी खाली बघत होते. मला पाण्याचा राग आला नाही. त्या माणसाचा आला.'

एवढंच. खाली एकही मुद्दा नाही, रेघ नाही, समतोल नाही. बाईंनी पहिली ओळ बघितली, शेवटची बघितली, कपाळाला आठी घातली आणि मला उचललं.

मित्रांनो, माझं तोंडच कागदावर टेकतं. त्यामुळे मी जितक्या जवळून अक्षरं बघतो तितक्या जवळून कुणीच बघत नाही. ती वही मी बघितली होती. 'ती चिखलात बसून हसायलाच लागली' ही ओळ माझ्या खाली आली आणि मी तिच्यावर बसलो, सगळा भार देऊन, नेहमीच्या रुबाबात. शाई जरा जास्तच लागली होती. ती ओळ अर्धी पुसली गेली. शेजारी दहापैकी तीन पडले. मला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही. उलट ठसा किती छान उठलाय, असंच वाटलं. याची आज मला लाज वाटते.

दीप्तीनं निबंध पुन्हा लिहिला. मैत्रिणीचं गाईड आणलं आणि 'होय, मी पूरग्रस्त बोलतेय' इथपासून 'समतोल राखा' इथपर्यंत सगळं स्वच्छ उतरवून काढलं. पाच मुद्द्यांखाली पाच रेघा मारल्या. दहापैकी आठ मिळाले आणि 'छान' उमटला. त्यानंतर तिच्या वहीत माझी गरज कधीच पडली नाही. 'माझा आवडता पक्षी' म्हटल्यावर तिनं मोर लिहिला, तोही गाईडातलाच. बाई वर्गात म्हणाल्या, "बघा, दीप्ती किती सुधारली!"

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस राहिले असताना दीप्तीची आई शाळेत आली. घर राहण्याजोगं झालं होतं. सुट्टीनंतर पोरीला गावच्याच शाळेत घालायचं होतं, म्हणून दाखल्याचा अर्ज द्यायचा होता. अर्ज देऊन झाला तरी ती बाईंच्या टेबलासमोरून हलेना. तिनं पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. वहीतून फाडलेलं पान होतं ते. मी टेबलावरच होतो. जांभळी शाई बघून मी स्वतःला लगेच ओळखलं.

"बाई, रागाला येऊ नका," ती म्हणाली. "ह्ये पान तिनं फाडून टाकलंतं, म्या उचलून ठेवलंय. मला वाचाय येत न्हाय. तिनंच वाचून दावलं हुतं, शिक्का मारायच्या आदी. सासूबाईनी चारचौगींना बोलावून परत वाचाय लावलं. आता पुन्यांदा वाच म्हटलं तर म्हणतीया, त्ये विषय सोडून हाय. ह्यात काय चुकलंय तेवढं सांगा की."

बाईंनी पान घेतलं आणि वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. माझ्या ठशाखालची ओळ त्यांना लागेना, तेव्हा त्या कागद उजेडाकडे धरून बघू लागल्या.

"मी हसलेली हाय तिथं," आईच म्हणाली.

बाईंनी पान टेबलावर ठेवलं आणि हातानं त्याच्या घड्या सपाट केल्या. मग म्हणाल्या, "तिचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दीप्तीला बोलावलं आणि तिच्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दीप्ती म्हणाली, "असूदे की बाई. नंतर आठ मिळालं न्हवं?"

ते आठ मार्क बाईंनी गाईडाला दिले होते. आणि तिच्या स्वतःच्या लिहिण्यावर मी बसलो होतो.

उरलेल्या दिवसांत बाईंनी वर्गाची सगळी घडीच मोडली. फळ्यावर मुद्दे लिहायचं बंद केलं. आधी शेजारच्याला आपली गोष्ट तोंडानं सांगायची, मग कच्चं लिहायचं. कच्च्याला मार्क नाहीत. शेजाऱ्यानं वाचून एकच प्रश्न विचारायचा, मग पक्कं लिहायचं. दिवसाला बाराच वह्या बाई घेत, पण सगळी ओळ न् ओळ वाचत आणि समासात पेन्सिलीनं एखादा प्रश्न लिहीत. वर्गात बाजार भरल्यासारखा गलका व्हायचा. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, पोर्शन कधी संपायचा वो?" पण पृथ्वीराज नावाच्या मुलानं, ज्याला आयुष्यभर माझ्याशिवाय काही मिळालं नव्हतं, डेअरीत दूध घालायला रांगेत उभं राहण्यावर दोन पानं लिहिली. वर्ग भिंतीपलीकडेच होता, मी खणातून सगळं ऐकत होतो. मला पहिल्याच दिवशी खणात टाकलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

दीप्ती मात्र कच्चंसुद्धा रेघा मारून लिहायची. 'प्रस्तावना' असं आधी लिहायची. शेजारणीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती गाईडात शोधायची.

शेवटच्या दिवशी दाखला न्यायला ती एकटीच आली. बाईंनी दाखल्याबरोबर ते फाडलेलं पान तिच्यापुढं ठेवलं. माझ्या ठशाच्या बाजूला त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आई हसली तेव्हा तू काय करत होतीस?' शेजारी टोक काढलेली पेन्सिल होती.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "इथं लिही, नाहीतर घरी लिही. मला दाखवलं नाहीस तरी चालेल."

दीप्तीनं प्रश्न वाचला. पेन्सिल उचलली. तिचा हात कागदापर्यंत गेला. खण उघडाच होता आणि मी जीव मुठीत धरून बघत होतो. तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की तिला उत्तर ठाऊक आहे. मग तिनं मान वर केली आणि विचारलं, "ह्याला किती मार्क हायत बाई?"

"याला मार्क नाहीत गं."

"मग कशाला लिव्हायचं?"

त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. बाई खुर्ची जवळ ओढेपर्यंत तिनं पेन्सिल नीट जागेवर ठेवली, पानाची घडी दाखल्यात घातली आणि बाईंच्या पाया पडून गेली. त्यानंतर तिचं काही कळलं नाही.

बाई आजही पेन्सिलीनंच वह्या तपासतात. मनगट दुखतं तेव्हा मला बाहेर काढतात, क्षणभर हातात धरतात आणि परत ठेवतात. मित्रांनो, तुमच्या वहीवर माझ्यासारखा कुणी उमटला तर गप्प बसू नका. वही घेऊन जा आणि 'पूर्ण वाचलंत का?' असं सरळ विचारा. आणि बाईंनो, सरांनो, हात दुखत असेल तर चार वह्या उद्यावर ढकला, पण आज जी उघडाल ती शेवटपर्यंत वाचा. दीप्ती आमच्याकडे आली तेव्हा तिनं एका मार्काचाही विचार न करता ते पान लिहिलं होतं. 'मग कशाला लिव्हायचं' हे ती आमच्या शाळेत शिकली, आणि तिला ते शिकवायला मी होतो.