पाहुण्यांनी 'बसा' म्हणेपर्यंत

मंगळवारी सकाळी साडेअकराला नगरपालिका हायस्कूलची इमारत जागेवरून उठली आणि मैदानातल्या चिंचेच्या शेंड्याच्याही वर जाऊन ताठ उभी राहिली. काळ्या दगडाच्या भिंती, कौलं, सागवानी जिना, सगळं जसंच्या तसं. माठातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही.

मुख्याध्यापिका कुरणेबाईंना कारण लगेच कळलं. पाहुणे आले की उठायचं आणि ते 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही, ही शाळेची पहिल्या दिवसापासूनची शिस्त. सगळ्या वर्गांत मुलं उठलेली होतीच. पाहुणे व्हरांड्यात माठापाशी होते. जेसीबीचा ड्रायव्हर शिवप्पा, परजिल्ह्यातला. इमारत पाडायला आला होता. त्याआधी घोटभर पाणी प्यावं म्हणून आत शिरला.

त्याला घेऊन आलेला नगरपालिकेचा इंजिनियर विलास भोगले कठड्यावरून वाकून पाहत होता. जेसीबी खाली खेळण्याएवढा दिसत होता.

"बस खाली!" तो भिंतीवर ओरडला. "बसा!"

"तुझं कोण ऐकणार, विलास? तू दहावी ब," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही म्हणा."

"मी दहावी अ."

गावातलं शिकलेलं प्रत्येक माणूस याच शाळेतलं. बाहेरचा एकटा शिवप्पा.

"शिवप्पा, नुसतं 'बसा' म्हण. खाली उतरू आणि काम उरकू."

शिवप्पाने तोंड उघडलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी प्रास्ताविक. त्याशिवाय पाहुणे बोलत नाहीत."

"बरोबर हाय," शिवप्पा म्हणाला. "आमच्याकडंबी असंच अस्तंय."

बाईंनी त्याला सभागृहात नेलं, हातात नारळ दिला आणि शाळेचा इतिहास सांगायला सुरुवात केली. आपण बोलतोय तोवर इमारत वर राहील, हे त्यांनी ओळखलं होतं. थांबायचं नाही, एवढं ठरवलं.

जागेवर पूर्वी भरणारा गुरांचा बाजार त्यांनी सांगितला, तेव्हा सभागृहात शेणाचा वास आला. शाळेत आलेल्या पहिल्या मुली सांगितल्या, तशा त्या नऊवारीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. टेकू नका, असं बाईंनी नजरेनेच सांगितलं. पुराच्या साली शाळेत राहिलेली कुटुंबं वळकट्या घेऊन आली. प्रत्येक सालासरशी सभागृह लांबत गेलं आणि भोगले दूर सरकला.

"बाई, प्रास्ताविक दोन मिनिटांचं असतं!" त्याचा आवाज उशिरा पोचला.

"तुझ्या लग्नात तुझा मामा किती वेळ बोलला होता? पंगत खोळंबली होती."

नऊवारीतल्या मुली हसल्या. मग कौल फुटल्याचं साल आलं आणि हाफपँटमधला विलास भोगले हातात चेंडू घेऊन इंजिनियरशेजारी उभा राहिला. इंजिनियरने तो चेंडू काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात कोंबला.

बाईंचा घसा बसत चालला. गेल्या वर्षीचं संमेलन झालं, कालची कवायत झाली, आजची प्रार्थना झाली. पुढे सांगायला फारसं उरलं नाही. अंधार पडून खिडकीतून खालची चिंच दिसेनाशी झाली होती. मुलांचे पाय थरथरत होते, पण एकही बसलं नाही.

"आणि आज सकाळी," बाई म्हणाल्या, "एक पाहुणे पाणी प्यायला आले."

इतिहास संपला.

"झालं!" लांबून भोगलेचा आवाज आला. "शिवप्पा, म्हण आता!"

शिवप्पाने नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला. एक बोट ताठ, कोपर कानाला लावून. वर्गात प्रश्न विचारायचा असला की मुलं करतात, तसा.

"बाई, पुढं काय झालं, विचारू?"

बाईंनी 'विचार' म्हटलं की तो विद्यार्थी होणार होता. मग 'बसा' म्हणणारं कुणीच उरणार नव्हतं.

शेवटची खबर मिळाली तेव्हा हात वरच होता. बाई त्याच्याकडे पाहत होत्या आणि सगळे उभे होते.