सोळा पाऊंड बूस्ट

डॉक्टरांनी गाडी थेट शेडमध्ये घातली, काच खाली केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ताई आहेत का?"

मी समोर उभा, हातात पाना, अंगावर ग्रीस. चार महिने ह्याच माणसाच्या गाडीचं इंजिन मी उघडून बसलो होतो. एकेक रिंग कानशीने घासून मापात बसवली होती.

"आहेत ना," मी म्हटलं. "आत आहेत. लॅपटॉपशी गप्पा चालल्यात."

ताई म्हणजे माझी धाकटी बहीण. अकरा वर्षांनी लहान. पाना कसा धरायचा ते हिला मी शिकवलं. बोल्ट उलटा पिळून तोडला आणि भोकाड पसरलं, तेव्हा हिचं नाक मी पुसलं. आता ही सगळ्यांची ताई झाली आहे. माझ्या शेडमध्ये येऊन लोक मलाच विचारतात, ताई आहेत का. मी काय इथला वॉचमन आहे?

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखत होतं. दोन वर्षं दुखत होतं. ती मोठ्या शहरातली नोकरी सोडून परत आली, शेडच्या मागच्या अंगाला तिने रोलर बसवले. गाडीची चाकं त्या रोलरवर ठेवायची आणि मग गाडी जागच्या जागी हवी तेवढी पळवायची. पूर्वी मी कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचो आणि लोक तोंडात बोट घालून बघत राहायचे. आता ही दोन बटणं दाबते आणि लोक तिच्या पडद्याकडे डोळे लावून बसतात. माझ्याकडे वळतात ते हात पुसायला फडकं मागण्यासाठी.

बायकोला हे सांगून चालत नाही. ती म्हणते, "अहो, सख्खी बहीण आहे, कौतुक करा जरा." कौतुक करतो की. दात ओठ खाऊन करतो.

डॉक्टर दातांचे. एरवी अगदी देवमाणूस. पण त्यांच्या साडूने नवी गाडी घेतली होती आणि घाटात तो डॉक्टरांना मागे टाकून गेला होता. वर पोहोचल्यावर थांबून त्याने विचारलं होतं, "काय हो, वाटेत चहा घेतलात का?" तेव्हापासून डॉक्टरांना झोप नव्हती. ते दुखणं मला न सांगता कळलं. त्या दुखण्याचा मी जुना रोगी.

"ताई, वीस पाऊंड करून टाका," डॉक्टर हात चोळत म्हणाले. टर्बोचा दाब, म्हणजे बूस्ट, आम्ही पाऊंडात मोजतो, चाकातल्या हवेसारखाच.

धाकटी हसली. "डॉक्टर, टर्बो म्हणजे इंजिनला जबरदस्तीने हवा पाजायची. दहा पाऊंडावर ते आत्ता सुखात आहे. जास्त पाजली की ताकद वाढते, तशी आतली उष्णताही वाढते. मग पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आपल्या मनाने पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखं असतं ते. फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक."

"अरे बापरे. मग कळायचं कसं?"

"एकेक पाऊंड चढायचं. दर पाऊंडाला थांबायचं, इंजिन गार होऊ द्यायचं, पेट्रोल पुरतंय ना ते बघायचं. आणि ऐकायचं."

"ते कॉम्प्युटर ऐकत असेल ना?"

"गाडीत सेन्सर आहे. पण दादाने घातलेत ते पिस्टन दणकट आहेत, चालताना जरा खडखडतात. सेन्सर त्या खडखडीलाच नॉकिंग समजतो आणि उगाच बोंब मारतो. म्हणून ह्या गाडीत मी त्याचं ऐकत नाही. दादाचं ऐकते."

मान वर न करता म्हणाली हे, वायर जोडता जोडता. दुसऱ्या कुणाचा ऊर भरून आला असता. माझ्या मनात आलं, वा, म्हणजे उपकार चाललेत. म्हाताऱ्याला बसायला स्टूल दिलं.

ऐकायची नळी माझीच. तांब्याची नळी, एक टोक चेपून इंजिनच्या अंगावर बोल्टने आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी पाईप, आणि तो पाईप कानावर बसणाऱ्या जाड टोप्यांत घालायचा. बाहेरचा गोंगाट बंद, इंजिनचं पोट सरळ कानात. नॉकिंगचा आवाज बारीक असतो, पत्र्याच्या डबीत चार खडे हलवावेत तसा. तो आला की मी हात वर करायचा आणि तिने पाय उचलायचा. वीस वर्षांत हा हात कधी चुकला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. घरातल्या फ्रीजचं दार उघडं राहिलं की तो टी-टी करतो. सहा महिन्यांपूर्वी मी त्याला खेटून बसलो होतो आणि बायको आतून ओरडली, "अहो, दार लावा ना, कधीचा कोकलतोय!" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. ती बाहेर गेल्यावर दार पुन्हा उघडलं आणि कान लावून उभा राहिलो. काही नाही. हाताला गार लागत होतं, तेवढंच. जाड आवाज सगळे येत होते, बारीक आवाज गेला होता.

कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करू? बाकी सगळं हिने घेतलंच होतं. गिऱ्हाईक हिचं, पडदा हिचा, नाव हिचं. कान तेवढा माझा राहिला होता.

बोनेट काढून भिंतीला टेकवलं, म्हणजे तिला गाडीत बसून माझा हात दिसावा. डॉक्टर तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले, मांडीवर लॅपटॉप घेऊन, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखे. मी इंजिनपाशी स्टुलावर.

अकरा. बारा. तेरा. दर वेळी गाडी रोलरवर गर्जायची, शेडचे पत्रे थरथरायचे, मग ती शांत व्हायची आणि खिडकीतून डोकं बाहेर यायचं.

"दादा?"

"काही नाही."

आणि खरंच सांगतो, आयुष्यात कधी एवढं कान देऊन ऐकलं नसेल. मला आवाज हवा होता. कधी एकदा ठोका पडतो आणि डॉक्टरांच्या देखत हात वर करतो, असं झालं होतं. बघा, तुमच्या ताईंच्या आकड्यांना कळलं नाही ते ह्या कानाला कळलं. मी टपून बसलो होतो. जबडा दुखायला लागला. कानात नुसता घुमारा.

चौदा. पंधरा.

"दादा?"

"काही नाही म्हटलं ना."

"मग इथेच थांबूया," धाकटी म्हणाली. "पंधरा पुष्कळ झाले."

डॉक्टरांचं तोंड उतरलं. "साडूची सोळाची आहे हो, ताई."

तिने माझ्याकडे बघितलं. "दादा, तू सांग. अजून जागा आहे का?"

मी सांगायला हवं होतं की मला माहीत नाही. तीन शब्द. ते तोंडात आले नाहीत, कारण आत दुसरंच काही शिजत होतं. ही एकदा तरी आपटू दे. एकदा तरी हिचं चुकू दे. इंजिन माझ्या हातचं आहे, फुटलं तर माझे चार महिने फुटतील, हेसुद्धा त्या घडीला सुचलं नाही.

"जा सोळावर," मी म्हटलं.

गाडी चढत गेली आणि निम्म्यावरच तिने स्वतःहून पाय उचलला, चावी बंद केली. धावत पुढे आली. "ओढ कमी झाली मधेच. तुला काही आलं?"

"नाही."

"प्लग काढ."

ठिणगी टाकणारे चारही प्लग मी काढले. तिसरा हातात घेतला आणि भिंगाशिवायच दिसलं. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके आणि त्यांत दोन चमकणारे कण. चमकतं ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. प्लगच्या भोकातून तिने बारीक कॅमेरा आत सोडला. पिस्टनची कड खरवडल्यासारखी झाली होती. फुटली नव्हती. अजून एकदा गाडी तशी चढवली असती, तर फुटली असती.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "ताई, हे काय झालं?"

"चूक माझी," ती म्हणाली. "पंधरावर थांबायचं ठरलं होतं, मी एक पाऊंड पुढे गेले."

डॉक्टर माझ्याकडे वळले. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासमोर तिला सोडून माझ्याकडे वळलं. "दादा, पुढचं तुम्हीच बघा. ह्या मशीनचं काही खरं नाही. शेवटी अनुभव तो अनुभव."

दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते ताटात वाढून आलं होतं. गोड लागलं. का लागू नये? मी मान डोलावली, आणि कौतुकाने नाही, चक्क मजेने तिच्याकडे बघितलं, तिचं तोंड कसं झालंय ते बघायला.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. इंजिनवर वाकली होती. तांब्याच्या नळीचा बोल्ट हाताने हलवून बघत होती, सैल झालाय का. मग रबरी पाईप बोटांत धरून चाचपत गेली, कुठे चिरलाय का, कुठे दुमडलाय का. पाईप काढून एका टोकाने फुंकर मारली.

"नळीतच काहीतरी आहे," ती पुटपुटली. "नाहीतर तुला आलं नसतं असं होणारच नाही."

हिला नळीचा संशय आला. माझा नाही आला.

"नळी ठीक आहे," मी म्हटलं.

"मग?"

"मला ऐकू येत नाही. बारीक आवाज. गेलाय तो." डॉक्टर ऐकत होते. ऐकू दे म्हटलं. "चूक हिची नाही, डॉक्टर. हात वर करायचं काम माझं होतं. आणि सोळावर मीच पाठवलं."

मग तिने हळू विचारलं, "कधीपासून?"

"सहा महिने."

"सहा महिने?" तिचा आवाज चढला. "दादा, सहा महिने मी तुझ्या कानाच्या भरवशावर गाड्या बाहेर सोडल्यात! ती निळी गाडी. मग त्या दोघा भावांची. आणि टॅक्सीवाल्याची! तो बायकापोरांना घेऊन फिरतो रे त्यातून! तू मला एका शब्दाने..."

ती मागच्या दाराने नळावर गेली. पाण्याचा आवाज आला. तो जाड आवाज, तो आला मला.

डॉक्टर खाकरले. "माझ्या ओळखीचे आहेत एक कानाचे," ते म्हणाले. "दाताचं असतं तर मीच बघितलं असतं." चेष्टा करायची नव्हती त्यांना. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले बिचारे.

ती तोंड धुऊन आली, डोळे लाल. डॉक्टरांना म्हणाली, "गाडी राहू दे इथे. पिस्टन बाहेर काढून बघू. मग तेरावर बांधून देऊ, वर गेली तर आपोआप पेट्रोल तुटेल असं करून. साडूला घाटात जाऊ दे पुढे." डॉक्टरांनी मुकाट्याने चावी दिली.

"आणि त्या तीन गाड्या?" मी विचारलं.

"बोलवाव्या लागतील."

"मी बोलवतो. काय झालं तेही मीच सांगतो."

दुपारभर फोन केले. निळ्या गाडीवाल्याने शिव्या घातल्या, त्या ऐकून घेतल्या. त्या स्वच्छ ऐकू आल्या. तिन्ही गाड्या दोन दिवसांत येऊन गेल्या, तिन्हींचे प्लग पांढरेशुभ्र निघाले. ते आमचं नशीब होतं, माझं काम नव्हतं.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या समोर येऊन उभी राहिली. "मला शिकव ऐकायला."

आमची जुनी व्हॅन रोलरवर घेतली. तिला काही झालं असतं तरी रडणारं कुणी नव्हतं. नळी मी आवळली, स्टूल मी ठेवलं, टोप्या तिच्या कानांवर मी बसवल्या. केस मधे येत होते, ते मागे सारले. ती अंग चोरून बसली, लहानपणी इंजेक्शनला बसायची तशी.

"कसा असतो रे नक्की?"

"सांगून नाही कळत. एकदा आला की कळतो. ठिणगी मी थोडी थोडी आधी टाकत जातो, दोन क्षण नॉक होऊ दे. त्या दोन क्षणांत धर. आला की हात वर."

मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. लॅपटॉप शेजारच्या सीटवर. कधी हात लावला नव्हता त्याला. तिने कागदावर लिहून दिलं होतं, वरचा बाण म्हणजे आधी, खालचा बाण म्हणजे मागे, एकावेळी एकदाच. मी ॲक्सिलरेटर धरून ठेवला आणि वरचा बाण दाबला.

तिने मान हलवली. नाही.

पुन्हा दाबला. ती पुढे झुकली, डोळे मिटले. माझ्याच मनात आलं, एवढ्यात नाही यायचं हिला. मला तीन वर्षं लागली होती. तेवढीच एक बारीकशी कळ उठली, आणि मी तिसऱ्यांदा बाण दाबला.

हात ताडकन वर गेला. तिने डोळे उघडून काचेतून माझ्याकडे बघितलं, तोंड उघडं, आणि ती हसायला लागली. तोच आवाज होता, तिच्या तोंडावरूनच कळलं. बरोबर पकडला होता तिने.

मी श्वास रोखून ऐकलं. व्हॅन गुरगुरत होती, बाकी काही नाही. तिचा हात वर होता. मी खालचा बाण दाबला, पुन्हा दाबला, तिचा हात खाली येईपर्यंत.