तपकिरी ठिपके

"रिपोर्ट हातात पडला की सरळ लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे जा. इथे त्या स्वतः समजावून सांगतात. वाटेत वाचत बसू नका," वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांनी बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. जीवशास्त्राची पदवी काय लोणचं घालायला घेतली होती?

जिन्याच्या पहिल्याच वळणावर तिने पाकीट फोडलं. भिंगरीची, म्हणजे तिच्या चार वर्षांच्या लेकीची, डावी किडनी गाठीसकट काढली होती, आणि हा त्या गाठीच्या तपासणीचा कागद होता. एका प्रथिनापुढे लिहिलं होतं, 'ठळक पॉझिटिव्ह'. तिने ते नाव मोबाइलवर टाकलं. पहिलाच शोधनिबंध म्हणत होता, हे प्रथिन जितकं जास्त, तितका रोग उलटण्याचा धोका जास्त. ते वाक्य तिने दोनदा वाचलं.

"अगं, चेहरा का असा उतरलाय?" भिंगरीला कडेवर घेऊन नवरा मागून येत होता.

"औषधं आज ठरणार आहेत ना? तिला डॉक्टर मागे म्हणाले होते ते जोरकस औषध द्यायला सांगायचं. हृदयाला त्रास झाला तरी चालेल."

"बरं. डॉक्टरांना मधे बोलू देशील, की दवाखाना आजपासून तुझाच?"

"तुला सगळ्यात थट्टा सुचते!"

"घरात एकाला तरी सुचायला हवी."

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मोबाइल मागितला, चष्मा नाकावर सरकवून निबंध शेवटपर्यंत वाचला.

"काम चांगलं केलंय लोकांनी. पण हे मोठ्या माणसांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आहे. तुमची लेक मोठी आहे का?"

"मी मोठीच आहे," भिंगरी पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून म्हणाली. "आणि माझ्या पोटाला चेन लावलीय. ती उघडायची नाही."

"नाही हं बाळा. माझी काय टाप!"

टेबलावर दोघांना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. बाईंनी भिंगरीच्या आईला समोर बसवलं. भिंगाखाली जांभळट पसाऱ्यात तपकिरी ठिपकेच ठिपके होते.

"हे तपकिरी दिसतंय ते तेच प्रथिन, रंग देऊन दाखवलेलं. रक्तात ते आगंतुक. तिथे ते दिसलं की आम्ही सावध होतो. लहान मुलांच्या किडनीच्या या गाठीत मात्र ते घरचंच. रंग चढला, म्हणजे गाठ कोणती ते पक्कं झालं. पुढे काय होणार, हे त्यावरून सांगायचं नसतं."

"मग कशावरून सांगायचं?"

"पेशींची ठेवण कशी आहे आणि गाठ कुठवर पोचली, यावरून. हिची ठेवण चांगली आहे आणि गाठ किडनीच्या आतच होती. वाईट वळणाची खूण दाखवणारं दुसरं प्रथिन मी मुद्दाम तपासलं. तिथे काळजीचं काही नाही."

"तुमची नजरचूक झाली असेल तर?"

"विचारलंत ते बरं केलंत. माझ्या आधी आणखी एका डॉक्टरांनी स्लाइड पाहिली आहे. दोघांचं मत एकच. अशा गाठीला नेहमीची हलकी औषधं पुरेत. अशी बहुतेक मुलं खडखडीत बरी होतात. जोरकस औषध दिलंत, तर गरज नसताना तिच्या हृदयावर ओझं टाकाल."

तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला. आता ती शिकलेली होती तशी बघत होती, घाबरलेली होती तशी नव्हे. पटलं.

"मग हलकीच द्यायला सांगते," ती म्हणाली. आवाज ठणठणीत निघाला. तिचा तिलाच बरा वाटला.

ती वळली, तर नवरा स्टुलावर बसला होता. भिंगरीला तिच्याकडे देऊन तो उठायला गेला आणि पँट एका हाताने धरूनच उठला. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं भोक होतं.

"हे भोक कधी पाडलंस?"

"हे दुसरं. पहिलं पुरेना," तो हसत म्हणाला, आणि हसता हसता त्याचा चेहराच मोडला.

भिंगरीने कधी किती घास खाल्ले, हे तिला तोंडपाठ होतं. याच्या ताटाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला थेट कँटीनमध्ये नेऊन समोर बसवलं.

तेव्हा तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. आजारी मुलाचा बाप तुमच्या ओळखीत असेलच. 'मूल कसं आहे?' एवढं विचारून फोन ठेवू नका. 'तू जेवलास का?' हेही विचारा. तो 'हो' म्हणाला, तरी एकदा घरी जाऊन बघून या.