समासातलं अब्बांचं अक्षर

झकेरियाने आजोबांची बयानांची वही अब्बांच्या डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "आज हे वाचू ना?"

अब्बांनी मान हलवली.

"की नको वाचू?"

अब्बांनी तशीच मान हलवली.

लकव्याने त्यांची वाचा गेली होती. पनवेलच्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत जुम्याचं बयान, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाआधीचं प्रवचन, आधी आजोबा करायचे, मग अब्बा. आता जमातीने, मशिदीतल्या मंडळींनी, झकेरियाला उभं राहायला सांगितलं होतं. तो वायरिंगची कामं करणारा माणूस, चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ जड व्हायची.

त्या पानावर आजोबांनी उर्दूत लिहिलं होतं, भावाने नातं तोडलं तरी आधी तुम्ही त्याच्या दारात जा. समासात अब्बांचं अक्षर होतं, 'मी गेलो. दार उघडलं नाही. हे वाचू नये.' शेवटचं वाक्य खोडून खाली 'वाचावं'. तेही खोडलेलं. बाजूला पुन्हा 'वाचावं', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

त्याने आईला, बिल्कीसला विचारलं, यातलं शेवटचं म्हणणं कुठलं?

बिल्कीस तांदूळ निवडत होती. "ज्या दिवशी जे वाटलं ते लिवलं रे त्यांनी. मला काय ठाव?"

झकेरियाच्या धाकट्या भावाने, हमझाने, नेरे गावातली घरची वाडी न विचारता एका फार्महाऊसवाल्याला विकली, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. हमझाही त्याच मशिदीत यायचा. वाचलं तर त्याला टोमणा वाटेल, नाही वाचलं तर आपण कचरलो असं होईल. शेवटी झकेरियाने पाण्याच्या नासाडीवरचं पान काढून ठेवलं.

पण बयानाला उभा राहिला, दुसऱ्या रांगेत हमझा दिसला, आणि तोंडून आजोबांचंच वाक्य निघालं. पाठोपाठ अब्बांचंही, 'मी गेलो. दार उघडलं नाही.' मग तो थांबला. आपण जा म्हणतोय की जाऊ नका, त्याचं त्यालाच कळेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. तो कसाबसा दुआ मागून खाली बसला.

नमाजानंतर हमझा बाहेर त्याच्याजवळ आला. "अब्बा खरंच गेलते मोठ्या काकांकडे?"

"वहीत तसं आहे."

हमझाने स्कूटर स्टँडवरून काढली, पण सुरू केली नाही. तो आपल्यासाठी थांबलाय की पुढची गर्दी हटायची वाट बघतोय, झकेरियाला समजेना. जरा वेळाने तो जाऊन मागे बसला. स्कूटर घराच्या उलट दिशेला, मोठ्या काकांच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याला वळली, आणि कुठे निघालोय हे झकेरियाने विचारलं नाही.