हंसाबाईंचा ऊन खाणारा गोठा

मुर्धा गावात हंसाबाईंची वीस गुंठ्यांची भाजीची वाडी होती. तिथल्या विहिरीवर शेजारच्या चार घरांचीही भाजी पिकायची. डिझेलचा पंप कायमचा बंद पडला, तेव्हा त्यांनी शहरात पूनम सागर वसाहतीत राहणाऱ्या भाचीला, इंजिनीअर संचिताला बोलावलं.

"मला पवनचक्की पायजे. वारा फुकटचा हाय," हंसाबाई म्हणाल्या.

संचिताने वाऱ्याच्या वर्षभराच्या नोंदी काढल्या, सगळी वाडी मोजली आणि ती आठवड्याने परत आली.

"आत्या, इथे वारा जोरात असतो तो पावसाळ्यात. तेव्हा पाणी कुणाला हवंय? दोन गाईंच्या शेणाच्या गॅसवर चूल पेटेल, पंप नाही चालणार. सोलरच बरं. फक्त पॅनलसाठी मुळ्याचे दोन वाफे जातील."

"वाफे न्हाय देनार," हंसाबाई ठामपणे म्हणाल्या. मग त्या गोठ्याकडे वळल्या. "या छपराला काय झालं? दिवसभर ऊन खातंय."

छप्पर भक्कम होतं, उतारही दक्षिणेला. संचिताने कपाळावर हात मारला. "मी नुसती जमीनच बघत बसले!"

महिन्याभराने नवा पंप सुरू करायला चारही घरं जमली. बटण दाबलं, पण डिझेल पंपासारखी धडधड काही ऐकू आली नाही.

"गेला वाटतं," शेजारचे दत्ताराम पुटपुटले.

तेवढ्यात पाइपातून पाणी उसळलं आणि त्यांची चप्पल घेऊन पाटातून निघालं. सगळे हसत चपलेमागे धावले. हंसाबाई साडी खोचून सर्वांच्या पुढे होत्या.